थांबायची जागा

भजनात काही बिघडलं की वच्छलाबाई आधी एक सणसणीत शिवी हासडायच्या, आणि मग त्या बिघडलेल्या गोष्टीलाच भजनात कुठे बसवता येईल ते पाहत बसायच्या. शिवी देवासमोर असली तरी हासडायच्या. देवीला त्याची सवय झाली असावी.

केळापूरच्या अलीकडच्या एका लहान गावातलं त्यांचं महिला भजन मंडळ. खंजिरी वच्छलाबाईंच्या हातात, ढोलकी द्वारकाबाईंकडे, पेटी पुतणी प्रेरणाकडे, आणि मागे झील धरायला गावातल्या पाच-सहा बाया. ओळ वच्छलाबाईंनी म्हणायची आणि मागच्यांनी ती उचलून परत म्हणायची, ती झील. पेटी जुनी होती. तिची एक पट्टी मेली होती, दाबली की नुसती फुस्स करायची.

"मोठीआई, पांढरकवड्याले दुरुस्तीले टाकू हिले," प्रेरणा म्हणाली.

"टाकू ना. पण उद्याच्या भजनाचं काय? थो सूर येते तठी पेटी सोडून दे. बाया नुसत्या गळ्यानं म्हणतीन."

दुसऱ्या दिवशी त्या एका जागी पेटी थांबली, ढोलकी थांबली, नुसते बायांचे गळे वर गेले, आणि मंडपात बसलेली म्हातारी माणसं एकदम मान वर करून बघायला लागली. पुढे पेटी दुरुस्त झाली, पण ती जागा वच्छलाबाईंनी तशीच मोकळी ठेवली. ही बाई मंडळ चालवायची ते असं. कोणी कौतुक केलं तर म्हणायच्या, "कौतुक कायचं बापा? जे हाय त्याच्यातच भागवा लागते."

पण खरं सांगायचं ते पेटीचं नाही. सांगायचं ते बेबीनंदाचं.

बेबीनंदा वच्छलाबाईंची देराणी, म्हणजे धाकट्या दिराची बायको आणि प्रेरणाची आई. दीर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला, सुट्टीला तेवढा घरी यायचा. त्यामुळे घर, वावर आणि म्हशी या दोघी जावांवर आणि वच्छलाबाईंचे मालक सदाशिवराव यांच्यावर. बेबीला लहानपणी मोठा ताप येऊन गेला होता. त्यात एक कान पार गेला आणि दुसऱ्यानं जेमतेम ऐकू यायचं. ती माणसांच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखायची. अंधारात तिच्याशी बोललं तर चिडायची, "आधी लाइट लाव, मग सांग."

तिला मंडळात वच्छलाबाईंनीच ओढून आणली. म्हणजे अक्षरशः हाताला धरून. कारण भाकरी थापताना बेबी गुणगुणायची आणि तिचा गळा असा होता, की ऐकणाऱ्याचा चुलीवरचा चहा उतू जावा. स्वतःचा आवाज तिला किती ऐकू यायचा कोण जाणे, पण सुरात चुकायची नाही. चुकायची ती वेळेत. बाकीच्या बाया ढोलकी ऐकून उचलायच्या, बेबी वच्छलाबाईंचे ओठ बघून उचलायची. ओठ बघायचे, ओळखायचे, मग म्हणायचं. तेवढ्यात बाकीच्यांचं अर्धं म्हणून झालेलं असायचं. झील संपली, की मागून एकटी बेबी आपली शेपटी म्हणत यायची आणि पोट्टे फिदीफिदी हसायचे.

पांढरकवड्याच्या स्पर्धेत परीक्षकानं तोंडावर सांगितलं, "तुमची एक बाई मागे राहते. तिला बसवू नका, नंबर येईल."

घरी येताना टेम्पोत द्वारकाबाईंनी तोंड सोडलं. द्वारकाबाईंची ढोलकी चोख आणि जीभ तिच्यापेक्षा चोख. "वच्छला, तुले देराणीचा पुळका असन, तर घरी ठेव. आमी कायले तिच्यापायी हसू करून घ्यावं?"

बेबी समोरच बसली होती. टेम्पोत उजेड होता. तिनं सगळं ओठांवरून वाचलं आणि तोंड बाहेर वळवलं.

वच्छलाबाईंचा राग तेव्हा पाहण्यासारखा होता. पण त्या द्वारकाबाईंवर ओरडल्या नाहीत. ढोलकीवालीला दुखवून चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. शिवाय द्वारकाचं म्हणणं खोटंही नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. मग दोन-तीन दिवसांनी सकाळी गोठ्यात शेण काढता काढता मोठ्यानं म्हणाल्या, "भैताडच हाओ मी! थे मागून येते, त येऊ द्या ना!"

त्यांनी स्वतः एक भजन जुळवलं. गावातल्या बाया देवीला केळापूरला पायी निघतात आणि वाटेत एकमेकींना मोजतात, एवढीच त्यातली गोष्ट. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळ्यांनी म्हणायचं, "सगळ्या आल्या गं, सगळ्या आल्या," आणि थांबायचं. ढोलकी, पेटी, टाळ, खंजिरी, सगळं थांबायचं. आणि त्या शांततेत मागून एकटी बेबी म्हणायची, "थांबा वं माय, मीबी आली!"

बेबीला ओठ दिसावेत म्हणून वच्छलाबाई लोकांकडे तोंड करून बसायचं सोडून आडव्या बसायला लागल्या. बेबीची जागा त्यांच्या अगदी समोर. थांबा आला, की वच्छलाबाई आवाज न काढता नुसते ओठ हलवायच्या, बेबी ते बघायची आणि मग म्हणायची. किती वेळ थांबायचं हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. कधी बेबी लवकर यायची, कधी उशिरा. बायांना ठोका मोजायची सवय होती, ती मोडायला वच्छलाबाईंना एक अख्खा हिवाळा लागला.

"मोजू नका वं," त्या बजावायच्या. "थे येईन. आपण फक्त थांबायचं."

आणि काय सांगावं! ज्या मंडळाला कोणी पुसत नव्हतं, त्याला आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायला लागली. लोक भजनाचं नावही घेत नसत. म्हणायचे, "थे थांबायचं भजन घ्या." केळापूरच्या जगदंबेच्या मंदिरात नवरात्रात पंचमीची दुपार त्यांची ठरून गेली. थांबा आला, की मांडीवरची लेकरंसुद्धा गप्प व्हायची, आणि बेबीचा आवाज आला की बायांच्या डोळ्यांत पाणी यायचं. द्वारकाबाई आता सगळ्यांना सांगत सुटायच्या, "आमची बेबी अशी हाय, का तिच्यासाठी ढोलकीले थांबा लागते." टेम्पोतलं बोलणं त्या सोयीनं विसरल्या होत्या. बेबी विसरली नव्हती, पण तिनं कधी काढलंही नाही.

हळूहळू ते थांबणं भजनातून बाहेर आलं आणि बायांच्या अंगात मुरलं. हळदीकुंकवाला जायचं तर दाराशी बेबीसाठी थांबायचं. वावरात तण निंदायला गेलं तर पिकाची एक ओळ, म्हणजे तास, संपला की धुऱ्यावर, बांधावर बसून बेबीची वाट बघायची. कोणी चिडायचं नाही. उलट त्यात गंमत वाटायची. इतक्या वर्षांत एखाद्या माणसाचा उशीर इतका लाडाचा होतो, हे त्या बायांकडे बघून पटायचं.

यंदा श्रावणात असंच झालं.

कपाशीची पऱ्हाटी कमरेला आली होती. पावसानं उघडीप दिली म्हणून वच्छलाबाईंनी मंडळातल्याच बायांना निंदायला बोलावलं. ऊन चांगलंच तापलं होतं आणि जमिनीतून वाफ येत होती. एकेक तास धरून बाया पुढे सरकत होत्या आणि बेबी आपली मागे. सकाळपासून ती जराशी गप्प होती. वच्छलाबाईंनी खुणेनं विचारलं, तर तिनं छातीवर हात फिरवून दाखवला आणि म्हणाली, "पित्त झालं वाटते. शिळं खाल्लं ना राती."

तास संपला. बाया धुऱ्यावर बाभळीच्या सावलीत बसल्या, पाणी प्यायल्या. बेबी पऱ्हाटीत कुठे दिसत नव्हती. पण वाकून निंदणारी बाई तशीही दिसत नाही.

"बेबी राह्यली वं," कोणीतरी म्हटलं.

"येईन थे. तिचं काय नवीन हाय?" वच्छलाबाई म्हणाल्या. आणि हसत हसत, नुसतीच मजा म्हणून, त्यांनी सूर धरला, "सगळ्या आल्या गं, सगळ्या आल्या..." बायांनी झील धरली. द्वारकाबाईंनी पाण्याच्या पत्र्याच्या डबकीवर ठेका धरला आणि बरोबर जागेवर हात उचलला. सगळ्या थांबल्या. पऱ्हाटीकडे बघत, ओठ दाबून हसत थांबल्या. इतक्या लांबून बेबीला काही ऐकू येणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी थांबल्या, कारण थांबायची सवयच होती.

किती वेळ थांबल्या ते कोणाला सांगता येत नाही. एकीनं सुपारी कातरली, दुसरीनं पायातला काटा काढला. मग वच्छलाबाईच एकाएकी उठून धावल्या. बेबी तासाच्या मध्यावर कुशीवर पडली होती. विळा हातातच होता. तोंड धुऱ्याच्या बाजूला होतं, जिकडे बाया बसल्या होत्या तिकडे.

पांढरकवड्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय बंद पडलं, जागच्या जागी गेली असणार. "तुम्ही लगेच आणलं असतं, तरी काही झालं नसतं, बाई."

"नक्की का साहेब?" वच्छलाबाईंनी विचारलं. तो हो म्हणाला. त्यांनी परत विचारलं. तो परत हो म्हणाला. तिसऱ्यांदा विचारायला लागल्या तेव्हा सदाशिवरावांनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

तेरवीला भजन ठेवायचं, असं सगळे धरून चालले होते. मंडळातली बाई गेली आणि तिला भजनाशिवाय पोचवायची, असं कुठे असतं का? वच्छलाबाई म्हणाल्या, "ठेवा. मी बसणार नाई." आणि खंजिरी खुंटीला अडकवून टाकली. दुसऱ्या गावचं मंडळ आलं, भजन म्हणून गेलं. वच्छलाबाई तेवढा वेळ मागच्या आवारात म्हशीजवळ बसून होत्या.

भादवा सरत आला तशा बाया यायला लागल्या. पंचमी जवळ येऊन राह्यली, केळापूरचं काय करायचं? एक म्हणाली, तो थांबाच काढून टाकू, ओळीला ओळ जोडून घेऊ. दुसरी म्हणाली, प्रेरणाचा गळा आईसारखाच आहे, तिला म्हणू दे. प्रेरणा भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "मी म्हणीन मोठीआई, तुमी म्हणत असान त."

"कोणी काई म्हणणार नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "मंडळ संपलं."

द्वारकाबाईंना राहवलं नाही. "संपलं कसं? वच्छला, तूच त सांगत आली आतापर्यंत. पेटी बिघडली, घे भजनात. खंजिरीचं चामडं फाटलं, घे भजनात. जे बिघडलं..."

"बेबी बिघडली नोती!"

वच्छलाबाई अशा ओरडल्या, की गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पेटीची पट्टी आणि माणूस एक हाय का वं द्वारका? मीच शिकवलं तुमाले थांबाले. मोजू नका म्हटलं, थे येईन म्हटलं. त्या दिवशी एकीनं जरी उठून पाह्यलं असतं! पण आपण थांबलो. भजन म्हणत बसलो आपण तिकडं तोंड करून, आणि थे..." खुंटीवरच्या खंजिरीकडे त्यांनी बोट दाखवलं. "लोकाईले वाटे वच्छलानं काय सुंदर जागा काढली. त्या जागेनंच घेतली तिले."

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या तशाच निघून गेल्या. त्यांनाही तो पाण्याच्या डबकीवरचा ठेका आठवला असणार. इतके दिवस दोघींनाही तेच खात होतं, आणि इतक्या दिवसांत दोघींनी ते एकमेकींना सांगितलं नव्हतं.

सदाशिवराव मुळात कमी बोलणारे. बायकोला समजावण्याच्या भानगडीत ते कधी पडले नव्हते, आताही पडले नाहीत. फक्त घटस्थापनेच्या सकाळी त्यांनी खुंटीवरची खंजिरी काढली आणि अंगणात खाटेवर उन्हाला ठेवली. पावसाळ्यात चामडं ढिलं पडतं, ऊन दाखवलं की ताणतं. दुसऱ्या दिवशीही ठेवली. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी विचारलं, "काहून ठेवता तिले रोज?"

"ओल धरून बादी लागन तिले," ते म्हणाले. "तुले वाजवायची नसन त नको वाजवू. पण खराब कायले होऊ द्यायची?"

वच्छलाबाई खाटेवर बसल्या आणि खंजिरी मांडीवर घेऊन खूप वेळ रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "द्वारकाले सांगा जा. पंचमीले जाऊ. पण थे भजन घेणार नाई."

पंचमीच्या दुपारी मंदिरात ही गर्दी. ओट्या भरायला आलेल्या बाया, नारळाच्या शेंड्या, उदबत्तीचा धूर. मंडळ बसलं. वच्छलाबाई सवयीनं आडव्याच बसल्या आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की समोर कोणी नाही. जागा बायांनी आपोआप सोडली होती. आता उठून सरळ बसावं तर सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल. म्हणून तशाच बसून राहिल्या.

दोन भजनं झाली. आवाज फाटत होता, पण लागला. तिसरं सुरू करणार, तेवढ्यात गर्दीतून एक अनोळखी म्हातारी ओरडली, "अवो वच्छलाबाई, थे थांबायचं घ्या ना! वर्षभर वाट पाहतो आमी." तिच्या गावापर्यंत बातमी पोचली नव्हती. तिचा काय दोष? दुसऱ्या दोघीतिघींनीही ते उचलून धरलं, "हो, हो, थेच घ्या."

वच्छलाबाईंनी प्रेरणाकडे बघितलं. पोरीचे डोळे भरलेले होते, पण बोटं पेटीवर त्याच सुराला जाऊन बसली होती. वच्छलाबाईंनी देवीकडे बघितलं. मनात एक शिवी आली, ती त्यांनी गिळली नाही, मनातल्या मनात देऊन टाकली. आणि खंजिरी उचलली.

पहिलं कडवं चालत गेलं. बाया केळापूरला निघाल्या, नाला ओलांडला, पारावर बसल्या, एकमेकींना मोजायला लागल्या.

"सगळ्या आल्या गं, सगळ्या आल्या..."

द्वारकाबाईंचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. पेटी थांबली, टाळ थांबले. वच्छलाबाईंच्या समोर रिकामी सतरंजी होती. सवयीनं त्यांचे ओठ हलायला लागले आणि बघणारं कोणी नाही म्हणून अर्ध्यात थांबले. सगळ्या आल्या, हे आपण देवीसमोर खोटं बोललो, एवढंच त्यांच्या मनात आलं. पुढची ओळ म्हणायची होती, कोणीतरी काहीतरी म्हणायचं होतं, आणि आयुष्यात कधी ठोका न चुकलेल्या वच्छलाबाई तोंड उघडून नुसत्या बसल्या होत्या. बाया थांबल्या होत्या. कोणी मोजत नव्हतं. शांतता वाढत गेली, गर्दीत चुळबुळ सुरू झाली, आणि वच्छलाबाईंना डोळ्यांपुढे पऱ्हाटीच दिसायला लागली.

तेव्हा द्वारकाबाईंनी ढोलकी बाजूला ठेवली. भर भजनात, देवीसमोर. त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत पुढे आल्या आणि बेबीच्या जागेवर, वच्छलाबाईंच्या अगदी समोर येऊन बसल्या. त्यांनी वच्छलाबाईंची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवले. इतकी वर्षं वच्छलाबाई बेबीसाठी हलवायच्या, तसे.

वच्छलाबाई त्या ओठांकडे बघत राहिल्या. पहिल्यांदा त्यांना काही ओळखू आलं नाही. द्वारकाबाईंनी परत हलवले, सावकाश, एकेक शब्द. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ओठ नीट हलत होते.

मग वच्छलाबाईंनी म्हटलं. आवाज चिरका होता, आणि उशीर तर इतका झाला होता, की तेवढा बेबीला कधी झाला नसेल.

"थांबा वं माय... मीबी आली."

मागून एकाही बाईनं झील उचलली नाही. द्वारकाबाईंनी वच्छलाबाईंचा हात धरला होता आणि ढोलकी सतरंजीवर तशीच पडून होती.